बॉग हार्बरची पेटीवाली

आयर्लंडमधल्या आमच्या ॲथलोनच्या घरात दोन आवाज कायमचे असायचे. एक स्वयंपाकघराच्या काचेवर पडणाऱ्या बारीक पावसाचा आणि दुसरा बॉयलरचा. तो बॉयलर सुरू होताना घसा साफ करायचा, मग पाच मिनिटं कुरकुरायचा आणि नंतर मनात येईल तेव्हा बंद पडायचा. घर भाड्याचं होतं, एका रांगेतल्या एकसारख्या वीस घरांपैकी. भिंती इतक्या पातळ की पलीकडच्या आजीबाई टीव्हीवर कुठला कार्यक्रम बघताहेत हे आम्हाला इकडे जेवताना कळायचं. बाबा तिथल्या एका टेलिकॉम कंपनीत होते. ते मूळचे नागपूरचे, त्यामुळे घरात काहीही शिजलं तरी तिखटाचा डबा त्यांच्या हाताशी लागायचा. मी तेव्हा शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांत होते. तिथे कपाटाला 'प्रेस' म्हणतात हे शिकून झालं होतं आणि कुणी 'कशी आहेस' विचारलं की काहीही झालेलं असलं तरी 'ग्रँड' म्हणायचं, हेही.

आई मात्र गप्प झाली होती. पुण्यात ती गाण्याच्या क्लासेसना पेटीची साथ करायची, घरी आठ-दहा मुली शिकायला यायच्या. इथे ती बाबांच्या व्हिसावर आलेली, नोकरीची परवानगी नव्हती. तिची पेटी गोधडीत गुंडाळून, बाबांशी विमानतळावर वाद घालून तिने आणली होती, पण दीड वर्ष ती जिन्याखालच्या प्रेसमध्येच राहिली. का वाजवत नाहीस असं विचारलं की म्हणायची, "शेजारच्या आजींना त्रास होईल." मला तेव्हा ते पटायचं. आता मी मोठी झाले आहे, आणि शेजारच्या आजी जवळजवळ बहिऱ्या होत्या हे मला आठवतं.

बॉयलर नोव्हेंबरात पुरता बंद पडला तेव्हा घरमालकाने डेक्लनला पाठवलं. डेक्लन प्लंबर, पन्नाशी उलटलेला, पाठीमागे बांधलेले पांढरे केस आणि बोटांवर जुने डाग. तो वरच्या मजल्यावर टाकीपाशी होता. आईला वाटलं, तो सामान आणायला बाहेर गाडीकडे गेलाय. घर रिकामं आहे असं समजून तिने पेटी काढली. मी शाळेतून आले तेव्हा आतून यमन ऐकू येत होता आणि जिन्याच्या मधल्या पायरीवर डेक्लन पाना मांडीवर ठेवून बसला होता. मला बघून त्याने ओठांवर बोट ठेवलं.

आईने वर पाहिलं आणि भाता सोडून दिला. सूर खाली घसरत विरला.

"माफ करा, मिसेस डी," डेक्लन म्हणाला. आमचं आडनाव देशकर, ते त्याला शेवटपर्यंत उच्चारता आलं नाही. "तुम्हाला ऑर्गन वाजवता येतो?"

"ऑर्गन नाही. ही पेटी," आई म्हणाली. तिचं इंग्रजी हळू पण नीट होतं.

"आमचा ऑर्गनवाला ऑस्ट्रेलियाला निघून गेला," तो म्हणाला. "आमचा एक बँड आहे. स्लेट हार्बरची गाणी वाजवतो. तुम्ही ती ऐकलीत?"

आईने नाही म्हणून मान हलवली. संध्याकाळी बाबांना सांगितलं तर ते पोळी हातात धरून उभेच राहिले. कॉलेजच्या हॉस्टेलवर त्यांच्या रूम पार्टनरकडे स्लेट हार्बरच्या तीन कॅसेट होत्या आणि त्यातली एक घासून घासून पारदर्शक व्हायची वेळ आली होती, असं ते म्हणाले. मग बाबांनी मला आणि आईला, आणि नंतरच्या महिन्यांत डेक्लनने त्याच्या गाडीत, त्या बँडची सगळी गोष्ट सांगितली. ती मी इथे सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

उत्तर इंग्लंडमधल्या एका छोट्या बंदरातले ते चार मित्र. कॉलिन गायचा, बॅरी गिटार वाजवायचा, लेन ऑर्गन, आणि ड्रमवर कॉलिनचा एक चुलतभाऊ. पहिली रेकॉर्ड कुणी विकत घेतली नाही. दुसरीवर लेनने केलेलं अकरा मिनिटांचं गाणं होतं आणि त्याने त्यांना जगभर नेलं. लेन लाजाळू होता, मुलाखतींत बुटांकडे बघत बसायचा, पण त्या गाण्याच्या मधोमध तो एकटा चार मिनिटं वाजवायचा आणि वीस-वीस हजार माणसं चिडीचूप व्हायची. अमेरिकेचा दौरा करून ते घरी आले त्या उन्हाळ्यात, एका सकाळी ड्रमवाला सोडून तिघं समुद्रावर गेले. लेन पोहायला उतरला. कॉलिनला वाटलं बॅरीचं लक्ष आहे, बॅरीला वाटलं कॉलिनचं. लेन बाहेर आलाच नाही. सव्वीस वर्षांचा होता.

त्यानंतर त्यांनी एक रेकॉर्ड केली. स्टेजवर ऑर्गनपाशी रिकामं स्टूल ठेवून एक वर्ष गावोगाव फिरले. लोक आणखीच वेडे झाले, आणि ते दोघं एकमेकांकडे न बघता वाजवत राहिले. मग एके दिवशी कॉलिन बॅरीला सर्वांसमोर म्हणाला की लेनवर लक्ष तू ठेवायचं होतंस. बॅरी म्हणाला, तू. तिथे बँड संपला. जवळजवळ चाळीस वर्षं ते दोघे बोलले नव्हते. पुन्हा एकत्र वाजवा म्हणून मोठमोठ्या रकमा देऊ करणारे लोक आले, दोघांनीही त्यांना परत पाठवलं.

आमच्या गावातला बँड त्यांचीच गाणी वाजवायचा. समुद्रापासून इतक्या लांब, दलदलीच्या मुलखात बसून बंदराचं नाव काय लावायचं, म्हणून त्यांनी नाव ठेवलं होतं बॉग हार्बर, म्हणजे दलदलीचं बंदर. डेक्लन गिटारवर. ड्रमवर नोरीन, ती जनावरांच्या दवाखान्यात रिसेप्शनला होती. तिचा नवरा बास वाजवायचा आणि माझ्या आठवणीत त्याने एकही वाक्य उच्चारलेलं नाही. आणि गाणारे होते मिस्टर कीओ, माझे गणिताचे सर. हे कळलं तेव्हा मी आईला म्हटलं, "तू जाऊ नकोस. प्लीज."

"का?"

"ते माझे सर आहेत. शाळेत सगळ्यांना कळेल."

"काय कळेल? मला पेटी येते हे?" आई म्हणाली आणि साडीवर बाबांचं जाड जॅकेट चढवून डेक्लनच्या गाडीत बसली. बाबा मागून म्हणाले, "वंदना, तू जा, पोळ्या मी लाटतो." त्या पोळ्यांचा आकार आयर्लंडच्या नकाशासारखा होता, हे मला त्यांनीच दाखवलं.

तालीम चर्चच्या पॅरिश हॉलमागच्या खोलीत व्हायची, शनिवारी सकाळी. तिथे कायम ओल्या लाकडाचा आणि बिस्किटांचा वास असायचा. मी सुरुवातीला कोपऱ्यात अभ्यासाचं पुस्तक घेऊन बसायचे, आईशी आपला संबंध नसल्यासारखी. पण आईला इंग्रजी नोटेशन येत नव्हतं. ती रेकॉर्ड ऐकायची आणि सरगम सांगायची, ती लिहून घेणारं कुणीतरी हवं होतं, तर ते काम माझ्याकडे आलं. चार आठवड्यांत तिने सगळी गाणी बसवली. नोरीन म्हणाली की ऑस्ट्रेलियाला गेलेल्याने तिथेच राहावं. आई दर शनिवारी डब्यात शंकरपाळे न्यायची. मिस्टर कीओंना ती 'सर' म्हणायची. त्यांनी 'फर्गस म्हणा' असं तीनदा सांगून पाहिलं आणि सोडून दिलं. घरी येताना आई गाडीत गुणगुणायची. बॉयलर नीट झाला होता, आणि जिन्याखालच्या प्रेसमध्ये आता फक्त छत्र्या होत्या.

भांडण झालं ते अकरा मिनिटांच्या गाण्यावरून. फेब्रुवारीत एका रविवारी दुपारी आमचा कार्यक्रम ठरला होता, गावाजवळच्या सरोवरावरच्या बचाव-बोटीच्या मदतीसाठी. लेनची चार मिनिटं वाजवताना आई तीन ठिकाणी थांबायची. रेकॉर्डवरही तिथे थांबा होता, पण तिसऱ्या वेळी आई जास्त थांबायची. इतकी, की ती विसरली की काय असं वाटावं.

मिस्टर कीओंनी हात वर केला. "रेकॉर्डवर एक मात्रा आहे. मी मोजली आहे."

"सर, ती मात्रा नाही," आई म्हणाली. "तो श्वास आहे."

"ऑर्गन विजेवर चालतो. त्याला श्वास लागत नाही."

"ऑर्गनला नाही लागत. वाजवणाऱ्याला लागतो." आईने शब्द शोधले. "हा मुलगा पायाने चालवायच्या पेटीवर शिकलाय. मिरजेला आमच्या गुरुजींकडे तशी होती, जुन्या नाटक कंपनीतली. पाय मारायचे, वारा भरायचा, मग सूर. वारा संपत आला की थांबावं लागतं. मग ती सवय हातात राहते. दोनदा थांबून वारा पुरत नाही, म्हणून तिसऱ्यांदा तो जास्त थांबला असणार. रेकॉर्डवर ते कुणीतरी कापलंय."

मग डेक्लन म्हणाला, "मला पटतंय." त्यावर मिस्टर कीओ लाल झाले. त्यांनी ते गाणं सोळाव्या वर्षापासून ऐकलं होतं. त्यांच्या मते रेकॉर्ड होती तशीच वाजवणं म्हणजे त्या मुलाचा मान राखणं होतं. डेक्लन म्हणाला, मान आणि झेरॉक्स यात फरक आहे. मिस्टर कीओ म्हणाले, मग दुसरा गाणारा शोधा. दोन मित्र, तीस वर्षांची ओळख, आणि एकाने कोट उचलला, दुसऱ्याने तारा गुंडाळल्या. आईने शंकरपाळ्यांचा डबा बंद केला आणि मला मराठीत म्हणाली, "चल. माझ्यामुळे यांचंही तसंच व्हायला नको."

त्यानंतर दोन शनिवार ती गेली नाही. पेटी उघडली नाही. मिस्टर कीओ वर्गात पेपर परत देताना माझ्या बाकापाशी रेंगाळले. "आई कशी आहे?"

"ग्रँड," मी म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला तो शब्द खोटा वाटला. इतके दिवस आईमुळे माझी शाळेत शोभा होईल म्हणून मी घाबरत होते; आता त्या माणसाने तिला खोटं ठरवलं याचा मला राग आला होता. मी शाळेतून थेट जनावरांच्या दवाखान्यात गेले. नोरीनने एकदा बोलता बोलता सांगितलं होतं की लेनची थोरली बहीण, मार्गारेट, इकडच्याच एका शेतकऱ्याशी लग्न करून सरोवरापलीकडच्या गावात राहते आणि तिचा कुत्रा त्यांच्याकडे येतो. गावात सगळ्यांना ते ठाऊक होतं, आणि सगळ्यांनी तिला शांतपणे जगू दिलं होतं. नोरीनने पत्ता द्यायला साफ नकार दिला. मग कुत्र्यांच्या लसीची आठवण करून देणारी, पत्ते लिहिलेली पाकिटं टेबलावर पसरून ती आतल्या खोलीत गेली आणि बराच वेळ आली नाही.

मी पत्र लिहिलं. चारच ओळी. माझी आई म्हणते तुमचा भाऊ पायपेटीवर शिकला, हे खरं आहे का, एवढंच. पोस्टात टाकल्यावर मला ते उमगलं. एका म्हाताऱ्या बाईच्या गेलेल्या भावाबद्दल मी वाद जिंकायला विचारत होते. डेक्लनला सांगितलं तर तो गाडी बाजूला घेऊन थांबला. "मुक्ता, त्या बाईला आम्ही कुणी कधी विचारलं नाही," तो म्हणाला. ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

आठ दिवसांनी, दुपारी, दारावर टकटक झाली. आईने दार उघडलं. बाहेर एक उंच, सत्तरीची बाई, मेणकापडी कोट, हातात माझं पत्र.

"आमचा लेन वाऱ्याला कमी पडत होता, असं म्हणणारी कोण?" तिने विचारलं.

आईला पत्राचं काहीच माहीत नव्हतं. तिने माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात पुढे काय वाढून ठेवलंय ते मला नीट दिसलं. पण पाहुणी दारात उभी होती, म्हणून आधी चहा झाला. मार्गारेटने चिवड्यातले शेंगदाणे निवडून खाल्ले आणि सांगितलं. चॅपलमध्ये नवा ऑर्गन आला तेव्हा जुनी पायपेटी त्यांच्या वडिलांनी घरी आणली होती. लेनचे पाय पोचत नव्हते तेव्हापासून तो तिच्यावर बसायचा. डाव्या पेडलचं चामडं फाटलं होतं, वारा गळायचा, आणि नवं चामडं कधी बसवलं गेलं नाही.

"तो मध्येच थांबायचा आणि मी स्वयंपाकघरातून ओरडायचे, मेलास की काय," ती म्हणाली, आणि कपाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "वाजवून दाखवा."

आईने पेटी उघडली. पहिला थांबा गेला, दुसरा गेला. तिसऱ्या वेळी ती थांबली. बाहेर गाडी गेली, पलीकडच्या आजींचा टीव्ही हसला, आणि मार्गारेटने डोळे मिटून मान एकदा खाली केली, जणू आतून कुणी 'आत्ता' म्हणालं, आणि त्याच क्षणी आईने पुढचा सूर धरला.

"हो," मार्गारेट म्हणाली. "एवढाच."

तिने मिस्टर कीओंचा पत्ता विचारून घेतला आणि जाताना त्यांच्याकडे गेली. तिथे काय बोलणं झालं ते मला कळलं नाही. संध्याकाळी ते आमच्या दारात आले, पावसात भिजलेले. आईला म्हणाले, "मिसेस देशकर, मी चाळीस वर्षं चुकीचं मोजत होतो." त्यांनी आडनाव अगदी बरोबर उच्चारलं, गाडीत पाठ करत आले असावेत. आई म्हणाली, "सर, मोजलंत म्हणून तर फरक कळला. आत या, जेवायला बसा." बाबांनी तिखटाचा डबा पुढे केला. सरांनी तो घेतला, आणि पुढचा अर्धा तास ते डोळे पुसत 'ग्रँड, ग्रँड' म्हणत राहिले. डेक्लनला त्यांनी आमच्या स्वयंपाकघरातून फोन केला. ते संभाषण साधारण चार शब्दांचं होतं. पाहुणे गेल्यावर पत्राबद्दल मी आईची बोलणी खाल्ली. ती इथे लिहीत नाही, पण त्यातला प्रत्येक शब्द योग्य होता.

कार्यक्रमाच्या रविवारी हॉल भरला होता. निम्मे लोक बोटीसाठी आले होते, काही माझ्या वर्गातले केवळ सरांना चामड्याच्या जॅकेटमध्ये बघायला. आई मोरपंखी साडीत, डेक्लनच्या उसन्या कीबोर्डमागे. मार्गारेट पहिल्या रांगेत, मांडीवर पर्स. मी बाजूला उभी राहून फोनवर रेकॉर्ड करत होते आणि तिसरा थांबा आला. हॉलमध्ये एक लहान मूल काहीतरी बोलायला लागलं आणि आपणहून गप्प झालं. मग सूर आला, मागून मिस्टर कीओंचा आवाज आला, आणि शेजारी उभे असलेले बाबा माझा खांदा दाबत राहिले. संपल्यावर लोक उभे राहिले. माझ्या वर्गातला एक मुलगा, ज्याच्या मताची मला तेव्हा फार भीती वाटायची, विचारत आला, "ती तुझी आई आहे?" मी हो म्हणाले. इतकं सोपं होतं ते.

मागच्या खोलीत सँडविच वाटली जात असताना मार्गारेट माझ्यापाशी आली. दर नाताळला कॉलिन आणि बॅरी तिला वेगवेगळे फोन करायचे आणि एकमेकांची चौकशी कधी करायचे नाहीत, असं तिने सांगितलं. दोघांचे नंबर तिच्या फोनमध्ये होते. "तू रेकॉर्ड केलंस ते दोघांनाही पाठवायचंय," ती म्हणाली. "एकाच वेळी. आपण आधी ऐकलं असं कुणालाच म्हणता येऊ नये."

मी रेकॉर्डिंग तिच्या फोनवर घेतलं आणि तिथून दोघांना पाठवलं. आम्ही चहा घेतला. कुणीतरी खुर्च्या उचलत होतं. वीस मिनिटांनी फोन वाजला आणि लगेच पुन्हा वाजला. कॉलिनने लिहिलं होतं, कोण वाजवतंय? बॅरीने लिहिलं होतं, कोण वाजवतंय?

मार्गारेट इतकी हसली की नोरीन धावत आली. "बघा, अजूनही एकाच मात्रेवर येतात," ती म्हणाली आणि फोन आईच्या हातात दिला. "तुम्हीच सांगा त्यांना."

आईने चष्मा लावला. मी मदतीला हात पुढे केला तो तिने बाजूला सारला. एका बोटाने, एकेक अक्षर बघून तिने टाइप केलं: वंदना देशकर, ॲथलोन. आणि दोघांनाही पाठवलं.

बँड काही पुन्हा उभा राहिला नाही. दोघंही म्हातारे झाले होते आणि लेनशिवाय त्यांना ते नको होतं. पण जूनमध्ये ते मार्गारेटकडे आले, वेगवेगळ्या विमानांनी, एकाच दिवशी. तिने आईला बोलावलं, कारण पायपेटी अजून तिच्या मागच्या खोलीत होती आणि डेक्लनने डाव्या पेडलला नवं चामडं बसवलं होतं. माझी शाळेची शेवटची परीक्षा चालू होती म्हणून मला जाता आलं नाही, याची चुटपुट मला आजही आहे. आई संध्याकाळी परत आली तेव्हा मी दारातच गाठलं. ते भेटले का, काय म्हणाले, तू वाजवलंस का?

आईने चपला काढल्या, सावकाश. "वाजवणार कधी?" ती म्हणाली. "दोघंही एकदम बोलत होते. चहा दोनदा गार झाला."